खुर्च्या भरल्या, पुढे काय? कॉलेजच्या ग्रंथालयात माहिती-साक्षरतेचे कार्यक्रम कसे आखावेत

१२ ऑगस्ट, डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, म्हणजे आम्हा ग्रंथपालांचा दिवस. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या आमच्या कॉलेजात मी तो अगदी थाटात साजरा केला होता. फोटोला हार, समई, पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण, एफवाय आणि टीवायचे (पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे) दोन वर्ग लेक्चर सोडवून आणून बसवलेले, शेवटी वडापाव. हॉल भरला म्हणून प्राचार्य खूश, फोटो बरे आले म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी काउंटरवर टीवायची एक मुलगी आली. आदल्या दिवशी ती दुसऱ्या रांगेत बसली होती, मला चेहरा आठवत होता. म्हणाली, "मॅडम, ब्लॅक बुकच्या शेवटी रेफरन्स लिहायचेत. नुसतं गुगल लिहिलं तर चालेल का?" (ब्लॅक बुक म्हणजे शेवटच्या वर्षाचा बांधून द्यायचा प्रोजेक्ट-अहवाल.)

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्याच जयंतीला आम्ही त्या मुलीचे दोन तास खाल्ले होते आणि तिच्या कामाचं एक वाक्यही तिला दिलं नव्हतं.

त्यानंतर मी कार्यक्रम करायची पद्धत बदलली. मुलांच्या हातात आधीच एखादं काम असतं, प्रोजेक्ट, असाइनमेंट, वक्तृत्वाचं भाषण, काहीही. कार्यक्रम त्या कामाला जोडायचा. तसा जोडता येत नसेल तर करायचाच नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी आणि त्यांना साथ देणाऱ्या प्राध्यापकांसाठी ही सगळी पद्धत इथे पायरीपायरीने लिहिते आहे. माहिती-साक्षरता हा शब्द जड वाटतो, पण त्यात चारच गोष्टी आहेत. आपल्याला नेमकं काय हवंय ते ओळखणं, ते शोधणं, सापडलेलं खरं-खोटं पारखणं आणि वापरताना ज्याचं त्याला श्रेय देणं. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी ही संज्ञा वापरली. आजची अडचण आलेल्या माहितीच्या पुरातून वाट काढण्याची आहे.

पहिली पायरी: काउंटरवर एक वही ठेवा

दोनशे पानी वही आणा, महिनाभर इश्यू काउंटरवर ठेवा आणि मुलं जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. आपल्या शब्दांत नाही. "संदर्भसेवेची मागणी" असं लिहिलंत तर वही वाया गेली. "मॅडम, या टॉपिकवर एकही बुक नाहीये" असंच लिहायचं. बाजूला तीन रकाने पुरतात: तारीख, कोणत्या वर्गाचा, आपण काय उत्तर दिलं.

ही वही तुमच्यापेक्षा ग्रंथालयातले मामा, म्हणजे शिपाई, चांगली लिहितील. मुलं त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात, मॅडमसमोर प्रश्न जरा इस्त्री करून येतो. आमच्याकडच्या मामांनी पहिल्या आठवड्यात एक नोंद केली: "पुस्तक नको म्हणतो, फक्त नाव पाहिजे म्हणतो, संदर्भात लिहायला." या एका ओळीवर मी पुढे दोन कार्यक्रम बेतले.

महिन्याने वही उलगडली की प्रश्नांचे गठ्ठे आपोआप पडतात. आमच्याकडे चार गठ्ठे पडले. विषयावर काही सापडत नाही (म्हणजे बहुतेक वेळा शोधायचा शब्द चुकलेला असतो). सापडलंय, पण खरं आहे का? कॉपी किती टक्के चालते? आणि शेवटी संदर्भ कसे लिहायचे? तुमच्याकडे वेगळे पडतील. बी.एड. कॉलेजचे प्रश्न बीएमएसच्या मुलांना पडणार नाहीत. म्हणून दुसऱ्या कॉलेजचा कार्यक्रम उचलून आणू नका, हा लेखही जसाच्या तसा उचलू नका.

दुसरी पायरी: वेळ, आणि वेळेत लोकल येते

एका कार्यक्रमात एकच गठ्ठा सोडवायचा. "माहिती-साक्षरता: संकल्पना, महत्त्व व आव्हाने" असं काही ठेवलंत तर तिन्ही गोष्टी होतात आणि एकही होत नाही.

वर्षाचं कॅलेंडर मांडताना दोन याद्या शेजारी ठेवा. एकीत विशेष दिवस: १२ ऑगस्ट ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २४ ते ३१ ऑक्टोबर युनेस्कोचा माध्यम आणि माहिती साक्षरता सप्ताह, १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. दुसरीत मुलांचं खरं वर्ष: जुलैत प्रवेश आणि पाऊस, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर गणपती आणि असाइनमेंट, मग परीक्षा, डिसेंबर-जानेवारीत फेस्ट, त्याच्या शेपटीला ब्लॅक बुक, पुढे पुन्हा परीक्षा. दोन्ही याद्या जिथे जुळतात तिथेच मोठा कार्यक्रम घ्या. वाचन प्रेरणा दिन डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी २०१५ पासून आपल्याकडे साजरा होतो, पण तो बहुतेकदा परीक्षेच्या तोंडावर येतो. त्या दिवशी मी रीडिंग रूममध्ये फक्त पुस्तकांचं एक टेबल मांडते आणि भाषण ठेवत नाही. २३ एप्रिलला तर कॉलेजात चिटपाखरू नसतं. तिथे हट्ट कशाला?

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी दोन महिने म्हणजे ऑगस्ट आणि जानेवारी.

दिवसातली वेळही बघा. सकाळच्या सत्रातली आमची बरीच मुलं बदलापूर, आसनगाव, टिटवाळ्याहून येतात आणि दुपारी ऐरोली-रबाळ्याकडे कामाला जातात. लेक्चर सुटल्यावर त्यांची ट्रान्स-हार्बर लोकल ठरलेली असते. दीड वाजता कार्यक्रम ठेवला तर मुलं येतात, पण घड्याळाकडे बघत बसतात. दोन लेक्चरच्या मधली वेळ घ्या आणि ५० मिनिटांत आटपा. शनिवारच्या नादाला लागू नका.

तिसरी पायरी: एक प्राध्यापक गाठा

गुणांचा धागा नसेल तर मुलं येत नाहीत, यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. आपणही प्रमाणपत्र मिळणार नसेल तर रिफ्रेशरला जात नाही. म्हणून एक प्राध्यापक असे शोधा ज्यांच्याकडे प्रोजेक्ट तपासायचे गठ्ठे येतात आणि जे त्याला कंटाळलेत. त्यांच्याकडे "ग्रंथालयाचा उपक्रम आहे, सहकार्य करा" असं पत्र घेऊन जाऊ नका. मी आमच्या कॉमर्सच्या सरांना स्टाफरूममध्ये एवढंच म्हटलं, "सर, तुमचं एक लेक्चर मला द्या आणि इंटर्नलमधले पाच गुण संदर्भांसाठी ठेवा. जानेवारीत तुम्हाला चाळीस ब्लॅक बुकांत तीच ती इंट्रोडक्शन वाचावी लागणार नाही." सर हसले, म्हणाले, "मॅडम, दोन लेक्चर घ्या."

एका विभागात जमलं की बाकीचे विचारत येतात. सगळ्या विभागप्रमुखांना एकाच वेळी परिपत्रक पाठवलं की कुणीच येत नाही.

चौथी पायरी: ठाण्याची पहिली रेल्वे आणि बाकीच्या तीन चिठ्ठ्या

आता मुख्य कार्यक्रम. खरं-खोटं पारखायला शिकवताना बहुतेकजण व्हॉट्सॲपवरच्या राजकीय अफवांचे नमुने घेतात. माझा सल्ला आहे, घेऊ नका. वर्गात दोन तट पडतात आणि पारखणं राहतं बाजूला. उलट ज्या गोष्टीचा सगळ्यांना अभिमान आहे आणि जी कुणी कधी तपासलेली नाही, ती घ्या.

आम्ही वर्गाचे पाच-सहा जणांचे गट करतो आणि प्रत्येक गटाला एक चिठ्ठी देतो. त्यावर एकच वाक्य असतं. पहिली चिठ्ठी: "भारतातली पहिली रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली." ठाणेकर मुलं म्हणतात, यात काय शोधायचंय? १६ एप्रिल १८५३! बरोबर आहे. मग त्यांना विचारायचं, "पहिली" म्हणजे कुठली पहिली? वीस मिनिटांत एखादा गट मद्रासजवळच्या रेड हिल्स रेल्वेपर्यंत पोचतो. ती १८३७ ची, रस्त्यांसाठी दगड वाहणारी. दुसरा गट रुरकीला जातो, तिथे १८५१ मध्ये सोलानी नदीवरच्या जलसेतूच्या बांधकामासाठी वाफेचं इंजिन माती ओढत होतं. म्हणजे आपल्या वाक्यात "प्रवासी" हा शब्द राहून गेला होता. त्याशिवाय ते वाक्य चूक, तो घातला की बरोबर. एका विशेषणाची किंमत मुलांना इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसेल?

याच चिठ्ठीचा दुसरा भाग: त्या दिवशी गाडीला किती वेळ लागला? कुठे ५७ मिनिटं सापडतात, कुठे सव्वा तास. अंतर मात्र सगळीकडे २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटरच्या आसपास. डबे १४, पाहुणे सुमारे ४००. मग प्रश्न येतो की दोन आकडे दोन ठिकाणी असतील तर लिहायचं काय? उत्तर मी देत नाही. मुलंच भांडून ठरवतात की दोन्ही लिहायचे आणि कोण काय म्हणतं ते सांगायचं.

दुसरी चिठ्ठी: "ठाण्यात किती तलाव आहेत?" तलावांचं शहर म्हणवून घेतो, तर आकडा एक हवा ना? पण कुठे तीसच्या पुढचा आकडा मिळतो, कुठे साठ. मुलं आधी गोंधळतात, मग लक्षात येतं की एकजण आजचे मोजतोय आणि दुसरा एके काळचे. मासुंदा, उपवन, कचराळी ही नावं सगळ्यांना पाठ असतात. बुजलेल्या तलावांची नावं विचारली की वर्ग शांत होतो. मग घरी जाऊन आजीला विचारायला सांगते.

तिसरी चिठ्ठी नवी मुंबईच्या मुलांसाठी: "नवी मुंबई हे जगातलं सर्वांत मोठं नियोजित शहर आहे." हे वाक्य शंभर संकेतस्थळांवर आहे. शंभर ठिकाणी आहे म्हणून खरं, असं मुलांना वाटतं. त्यांना सांगायचं, यांतल्या कुणी मोजलंय ते शोधा, आणि मोजलं असेल तर क्षेत्रफळाने की लोकसंख्येने? बहुतेक गट परत येतात आणि सांगतात की शंभरांतले नव्वद एकमेकांचीच नक्कल आहेत. मग ठोस काय सापडतं ते पाहायचं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची, आराखड्यातलं क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, त्यात ९५ गावं. एकदा वाशीच्या एका कॉलेजात हा खेळ घेत होते. एक आगरी मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, त्या ९५ मधलं एक आमचं. माझे आजोबा जमिनीच्या आंदोलनात होते. त्यांचं सांगणं सोर्स धरायचं का?" धरायचं. पण कसं? कुणी सांगितलं, वय किती, कोणत्या तारखेला कुठे बसून सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं लिहून ठेवायचं. सरकारी कागदात "संपादित जमीन" असे दोन शब्द असतात, त्यांच्या मागचं सगळं आजोबांकडेच मिळतं. त्या दिवशी मी ठरवलेला कार्यक्रम बाजूला राहिला आणि उरलेला तास तोंडी माहिती कशी नोंदवायची यावरच गेला. माझ्या मते तो माझा सर्वांत चांगला कार्यक्रम होता.

चौथी चिठ्ठी तुम्ही तुमच्या गावाची बनवा. कल्याण, पनवेल, उरण, प्रत्येकाकडे असं एक वाक्य असतंच.

चिठ्ठ्या वाटल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही शिकवू नका. मुलं कशी शोधतात ते मागे उभं राहून बघा. पहिली लिंक उघडतात, तीच खालपर्यंत वाचतात, छान दिसली की विश्वास ठेवतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी विद्यार्थी, इतिहासाचे प्राध्यापक आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना शेजारी बसवून हेच पाहिलं. मुलंच नव्हे, प्राध्यापकही त्याच पानावर अडकून राहिले. तपासनीस मात्र लगेच बाहेर पडून नव्या टॅबमध्ये "हे संकेतस्थळ चालवतं कोण?" ते शोधू लागले. आपण मुलगी द्यायची तर मुलाच्या घरच्यांनाच विचारून थांबतो का? शेजारीपाजारी, गावात, कामाच्या ठिकाणी चौकशी करतो. संकेतस्थळाचंही तसंच. हे उदाहरण दिलं की वर्ग हसतो आणि पद्धत डोक्यात बसते.

फळ्यावर चारच गोष्टी लिहा: थांबा. सांगतंय कोण ते बघा. इतर काय म्हणतात ते बघा. मूळ जागेपर्यंत जा. माइक कॉलफिल्ड यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा हा साधा मराठी अवतार आहे. त्याआधी लांबलचक तपासणी-याद्या वापरात होत्या. त्या मीही वापरल्या. मुलं प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण करतात आणि खोटं संकेतस्थळ पास होतं.

पाचवी पायरी: शोधायचा शब्द

"या विषयावर काहीच नाही" हे ज्याला वाटतं त्याच्यासाठी वेगळा कार्यक्रम, अर्ध्या तासाचा, दहा-बारा जणांचा, संगणकासमोर. मोठ्या हॉलमध्ये हे शिकवता येत नाही.

मराठीत शोधणाऱ्यांची अडचण पाठ्यपुस्तकात सापडत नाही. आपल्या एकाच शब्दाची चार रूपं असतात. ऱ्हस्व-दीर्घ बदललं की यंत्राला तो दुसरा शब्द वाटतो. जुन्या कागदांत ठाणे नाही, "ठाणा" आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८२ मध्ये निघालेला खंड ठाणा जिल्ह्याचाच, आणि इंग्रजी स्पेलिंगही आजच्याहून वेगळं. हा जुना शब्द टाकला की मुलांच्या पडद्यावर एकदम शंभर वर्षं मागचं काही तरी उघडतं, आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून प्रत्येकाने शोधायला बसण्यापूर्वी कागदावर आपल्या विषयाचे सहा शब्द लिहायचे: मराठी, इंग्रजी, जुना, नवा, व्यापक, नेमका. "बचत गट" हा विषय असेल तर स्वयंसहायता गट, महिला सक्षमीकरण, सूक्ष्म वित्त आणि त्यांची इंग्रजी रूपं. अवतरण चिन्हांत शब्द घातले की तेच शब्द त्याच क्रमाने मिळतात, एवढी एक युक्ती बऱ्याच टीवायच्या मुलांनाही माहीत नसते.

मग कुठे शोधायचं? आधी आपला कॅटलॉग. मराठी साहित्य ड्यूई पद्धतीत (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत) ८९१.४६ ला असतं. मुलांना कपाटापर्यंत घेऊन जा, आकडा दाखवा आणि शेजारची पुस्तकं हाताळायला लावा. हवं ते पुस्तक पुष्कळदा शेजारचंच निघतं. मराठीतून प्राथमिक ओळख हवी असेल तर मराठी विश्वकोश, जो आता ऑनलाइन आहे. प्रबंध बघायचे तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं शोधगंगा, देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध तिथे मोफत उघडतात. एका चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची मुलाला महिनाभराचं काम देते. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे. तुमचं कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणाऱ्या योजनेचं) सदस्य असेल तर त्याचं लॉगिन प्रत्येकाला तिथेच, समोर बसवून चालू करून द्या. "नंतर मेल येईल" म्हणालात की ते लॉगिन कायमचं झोपलं. मला विचाराल तर अख्ख्या वर्षातली सर्वांत उपयोगी दहा मिनिटं हीच.

सहावी पायरी: "किती टक्के चालतं?"

हा प्रश्न टाळू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, ते सरळ सांगा. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर प्रबंध दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरण देऊन श्रेय दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यात धरत नाहीत. हे सांगून झालं की लगेच दुसरी बाजू दाखवा. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत लिहून नाव गाळलं तर सॉफ्टवेअर शून्य टक्के दाखवेल, आणि तरी ती चोरीच.

यासाठी भाषण नको, एक परिच्छेद द्या. तोच परिच्छेद तीन प्रकारे लिहिलेला: एक जसाच्या तसा, एक शब्द फिरवून, एक समजून घेऊन श्रेयासह. कुठला चालेल यावर हात वर करायला सांगा. शब्द फिरवलेल्याला सर्वांत जास्त हात वर होतात. तिथून बोलायला सुरुवात करा.

आणि एआय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून आमच्या वहीत नव्या प्रकारचा प्रश्न येतो: "मॅडम, हे पुस्तक आपल्याकडे आहे का?" आणि ते पुस्तक जगातच नसतं. लेखक खरा वाटतो, प्रकाशक खरा वाटतो, साल आहे, पानं आहेत, पुस्तक नाही. मुलांना याची गंमत वाटावी म्हणून न्यूयॉर्कच्या वकिलांची गोष्ट सांगते. २०२३ मध्ये त्यांनी न्यायालयात अशाच काल्पनिक खटल्यांचे दाखले दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. मग खेळ: प्रत्येक गटाने एआयकडून आपल्या विषयाचे पाच संदर्भ मागायचे आणि प्रत्येक संदर्भ कॅटलॉगमध्ये, प्रकाशकाच्या यादीत, गुगल स्कॉलरवर शोधून दाखवायचा. जो सापडला तो ठेवा, नाही सापडला तो फळ्यावर लावा. आम्ही त्या फळ्याला "भुतांची यादी" म्हणतो. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. तसं म्हणून कुणी ऐकतही नाही.

सातवी पायरी: नाव आणि जाहिरात

"माहिती-साक्षरता कार्यशाळा" या नावाला मी दोन वर्षं मुलं जमवायचा प्रयत्न केला. मग नाव बदललं: "ब्लॅक बुकचे संदर्भ, एका तासात". दहा संगणक होते, तीस मुलं आली, दाराबाहेर चपला मावेनात. पोस्टर ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावू नका. जी मुलं तिथे येतात त्यांना तुमचा कार्यक्रम आधीच माहीत असतो. झेरॉक्सची रांग, कँटीन, लिफ्टची वाट बघायची जागा, ही ठिकाणं. वर्ग-प्रतिनिधीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश मुलांनीच लिहावा. माझा संदेश मी एकदा त्यांना तपासायला दिला, तीन ओळींत मी "आदरणीय" घातला होता. त्यांनी तो काढून टाकला, बरं केलं.

आठवी पायरी: बाहेर पडा

वर्षातून एकदा पंधरा मुलं घेऊन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षा पाच वर्षांनी मोठी, हे मुलांना सांगायला विसरू नका, ठाणेकर मुलं त्यावर छाती फुगवतात. आधी लेखी परवानगी घ्या आणि काय बघायचंय ते कळवा. मुलांना नुसतं फिरवून आणू नका. प्रत्येक जोडीला एक काम द्या: तुमच्या जन्मसालाच्या किंवा आजीच्या लग्नाच्या सालाच्या आसपासचं एखादं जुनं नियतकालिक मिळालं तर त्यातली एक जाहिरात आणि एक बातमी उतरवून आणा, अंकाची तारीख आणि पान क्रमांकासह. पान क्रमांक विसरून येणारी जोडी परत आत जाते. संदर्भ का पूर्ण लिहायचा, हे त्या फेरीत पायांना कळतं.

त्या दिवशी होणाऱ्या गोष्टी

वायफाय पडतं. दरवेळी पडतं. चारही चिठ्ठ्यांची काही पानं आधीच छापून ठेवा. प्रोजेक्टरची केबल स्वतः तपासा. पाहुण्यांचं स्वागत दोन मिनिटांत संपवा, शाल-श्रीफळाचे पैसे झेरॉक्सला वापरा. वडापाव असेल तर शेवटी, आधी दिलात तर मागची रांग रिकामी होते.

जिओटॅग फोटो (ज्यावर ठिकाण आणि वेळ उमटते ते) पहिल्या पाच मिनिटांत काढून टाका आणि फोन खिशात. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, ग्रंथालयाचं काम निकष ४.२ मध्ये दाखवावं लागतं, आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) फोटो मागणार, ते देणं भाग आहे. पण फोटोसाठी मुलांना उभं करून हसायला लावलं की चाललेली चर्चा मोडते, मग ती पुन्हा जुळत नाही.

मोजायचं कसं

अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळेच "उत्कृष्ट" लिहितात, कारण फॉर्म दिल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. त्याऐवजी दारात शिरताना एका चिठ्ठीवर दोन प्रश्न आणि निघताना तेच दोन प्रश्न, नाव न लिहिता. उदाहरणार्थ, "या पुस्तकाचा संदर्भ लिहा" आणि समोर खरं पुस्तक ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की कळतं. दुसरं मोजमाप फेब्रुवारीत: सरांकडून त्या वर्षीची दहा आणि आदल्या वर्षीची दहा ब्लॅक बुकं मागून घ्या आणि संदर्भसूचीतले किती संदर्भ खरोखर सापडतात ते तपासा. दोन दुपारी जातात. हे आकडे आयक्यूएसीच्या अहवालात घातले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला त्याबद्दल प्रश्न विचारला.

आणि वही चालूच ठेवा. आमची आता चौथी आहे. कालची शेवटची नोंद मामांच्या अक्षरात आहे: "एसवायचा मुलगा. दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत, कुठली लिहू विचारतो. तिसरं पुस्तक मागतोय." उत्तराचा रकाना रिकामा आहे. तो मुलगा उद्या अकराला येणार आहे, तोवर मला तिसरं पुस्तक शोधायचंय.